आक्का घर बघायला यायची तेव्हा

द्वारकाबाई हे तिचं नाव रेशनकार्डावर होतं आणि बहुतेक तिथंच राहिलं. गल्लीला ती आक्का. तिच्या नवऱ्याला, नानांनासुद्धा ती आक्काच. "आक्का, चहा ठेव गं," अशी ते बायकोला हाक मारायचे आणि त्यात आम्हाला कुणालाच काही वावगं वाटायचं नाही.

मंगळवार पेठेत आमचं दार सोडून पुढचं दार तिचं. उंच, हाडापेरानं दणकट, कासोटा कायम जागच्या जागी, कमरेला पानसुपारीची चंची. आवाज असा की ती घरामागच्या परड्यात बोलली तरी रस्त्यावरचा सायकलवाला पाय टेकून बघायचा. आमच्या कोल्हापुरात फार गोड बोलणाऱ्या माणसाकडं तसं संशयानंच बघतात, पण आक्काचं तिखट आम्हालाही झोंबायचं. मी नवी लग्न होऊन आले, तेव्हा माझ्या बुट्टीतली भाकरी उचलून म्हणाली, "ही भाकरी हाय व्हय? मला वाटलं कौल उतरून ठेवलंय." मला रडू फुटायच्या आत ती परातीपुढं बसलीसुद्धा, आणि माझा हात धरून थापायला शिकवलं. तिचं सगळं असंच. आधी चटका, मग फुंकर.

पण हीच बाई एका जागी मधासारखी गोड व्हायची. कुणाचं विकाऊ घर बघायला गेली की!

आता घर बघायचं काम हिच्याकडं कसं आलं, ते सांगते. आक्काचे वडील मुरगूडकडचे गवंडी. लहानपणापासून ही त्यांच्या मागं घमेली उचलत फिरलेली, त्यामुळं चुना, माती, दगड तिला आपल्या डोक्याच्या केसासारखे ओळखीचे. आणि नाना वायरमन. तरुणपणी खांबावरून पडले, तेव्हापासून त्यांचा उजवा हात खांद्याच्या वर जाईना. मग काय, शिडीवर आक्का आणि खाली स्टुलावर नाना. "डावीकडची सोड. ती न्हवं, तिच्या खालची," असं ते खालून सांगायचे आणि वरून आक्का ओरडायची, "तुमची डावी का माझी डावी?" अशा भांडणात तिला विजेचंही सगळं आलं. लाइटच्या बोर्डाला हात लावायचा तर उलटा, मागच्या बाजूनं. सुलट्या हाताला झटका बसला तर मूठ मिटते आणि तारच धरून ठेवते. हे मला तिनं शिकवलं आणि मी माझ्या सुनांना शिकवलं.

गल्लीत कुणी घर घ्यायचं म्हटलं की आधी आक्काला घेऊन जायचे. सोबत नाना, खिशात टेस्टर. आणि मी! माझं काम मालकिणीबरोबर स्वयंपाकघरात बसून चहा प्यायचं आणि तिला बोलण्यात गुंतवायचं. "तुला ते येतंय," आक्का म्हणाली होती. हे कौतुक होतं का टोमणा, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

तिचे नियम होते. घर बघायचं तर पावसाळ्यात. "उन्हाळ्यात समदीच घरं देखणी," ती म्हणायची. नुकता चुना मारलेला दिसला की तिच्या भुवया वर. भिंतीवरचं कॅलेंडर जरा खालीच टांगलेलं दिसलं, तर त्यावरच्या देवाला नमस्कार करायच्या निमित्तानं ती ते हळूच उचलून बघायची. मला म्हणायची, "कॅलेंडर खिळ्याला नसतंय गं, भेगंला असतंय." चंचीतली सुपारी तिच्या हातून नेमकी खोलीच्या मधोमध पडायची आणि मग ती कुठं घरंगळत जाते ते बघत उभी राहायची. दारं उघडून लावून बघायची. तुळईचं टोक भिंतीत जिथं शिरतं, तिथं अंबाड्यातला आकडा काढून टोचायची. आकडा लोण्यात शिरल्यासारखा शिरला, तर समजायचं, आत वाळवीचं गाव वसलंय. तिकडं नाना सगळे दिवे एकदम लावायला सांगायचे. रेडिओ असला तर तोही. सगळं चालू झाल्यावर दिवा मिणमिणला की ते नुसते खाकरायचे.

आणि हे सगळं चालू असताना आक्काचं तोंड! पहिल्यांदा मी तिच्याबरोबर गेले ती आमच्या किराणावाल्या सावंतांसाठी. मालकीणबाई मला पोहे देत होत्या आणि माजघरातून आक्काचा आवाज येत होता, "काय कोरडी ठणठणीत भिंत हाय वो! आनि तुळई म्हंजे नुसतं लोखंड!" मालक खूश. सावंतही खूश. मी मनात म्हटलं, चला, घर झालं.

बाहेर पडलो. आक्का बोलेना. घर ओलांडलं, गल्ली ओलांडली, रस्ता ओलांडून पानपट्टीपाशी आलो, तेव्हा तिनं तोंडात पान टाकलं आणि म्हणाली, "सावंत, ती भिंत पिळली तर घागरभर पानी निघंल. आनि तुळई नुसता रंग धरून उभी हाय. जाऊ नका त्या वाटंला."

"अवं आक्का, मग आत येवढी तारीफ?"

"घरात उभं राहून भिंत कुजली म्हणू व्हय? वास्तू तथास्तु म्हणत असती. आपण कुजली म्हणायचं आनि तिनं तथास्तु म्हणायचं? त्यात राहणाऱ्या माणसांनी काय पाप केलंय? जी बरी न्हाय, तिलाच बरी म्हणावं लागतंय. बरी हाय तिला काय सांगायचं?"

घरात वाईट बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते, हे आपण सगळेच म्हणतो. पोरगं 'मला नाही जमणार' म्हणालं की आपण लगेच त्याच्या तोंडावर हात ठेवतो. आक्कानं ते घर बघण्यापर्यंत नेलं होतं. त्यामुळं तिचा निकाल उलटा वाचायचा. जिथं कौतुक तिथं खोट. आक्का गप्प, तर घर उत्तम.

पोस्टातल्या कदमांसाठी आम्ही एक घर बघितलं, तेव्हा तर मजाच झाली. आक्का सगळं घर फिरली आणि अवाक्षर बोलली नाही. सुपारी पडली तिथंच बसली. आकडा वाकला, पण लाकडात शिरला नाही. नाना खाकरले नाहीत. मालक बिचारा मागं मागं फिरत होता, त्याचा चेहरा उतरत चालला. शेवटी न राहवून म्हणाला, "काय पावणं, आमचं घर येवढं वाईट हाय व्हय? एक शब्द तरी बोला की!" आक्का म्हणाली, "चहात साखर जरा जास्त पडली." तेवढंच. कदमांनी ते घर घेतलं, आणि अजून त्यांची नातवंडं त्यात नांदतायत.

हे सगळं आम्हा गल्लीकरांना पाठ होतं. बशीरभाईंना कुणी सांगितलं नव्हतं, एवढंच.

बशीरभाई आमच्या कोपऱ्यावरचे शिंपी. सगळ्या पेठेची पोलकी त्यांच्याकडं. दुकानाच्या मागंच एक भाड्याची खोली, तिला खिडकी म्हणून नाही, भिंती बारा महिने घाम फुटल्यासारख्या. त्यांची बायको मेहरूभाभी, हसरी, गोरी, पण छातीत कायम घरघर. पावसाळ्यात तर ती उशीला टेकून बसूनच झोपायची. डॉक्टरांनी सांगितलं होतं, कोरड्या घरात जा, नाहीतर औषधं घालून उपयोग नाही. म्हणून बशीरभाईंनी आयुष्यभराचं जमवलेलं काढलं आणि घर शोधायला लागले. तिला मोकळा श्वास घेता यावा, यासाठी घर. दुसरं काही नाही.

माने तात्यांचं घर शुक्रवार पेठेत. तात्यांचा मुलगा शिरोलीला फाउंड्रीत लागला होता, म्हातारा-म्हातारी त्याच्याकडं राहायला निघाली होती. आम्ही गेलो तेव्हा बाहेर पाऊस धरून पडत होता. मी तात्यांच्या बायकोबरोबर, काकींबरोबर, चुलीपाशी बसले. बशीरभाई गिऱ्हाइकापायी मागं राहिले होते, ते येईस्तोवर आक्काची फेरी पुरी होत आली होती.

मागच्या भिंतीला एक फडताळ होतं. आक्का त्याच्यामागं हात घालून उभी राहिली, आणि मला तिचा आवाज ऐकू आला, "कसली कोरडी भिंत ही! उन्हात वाळवून उभी केल्यागत!" मी कप खाली ठेवला. पाठोपाठ नाना मीटरपाशी खाकरले. फ्यूजमध्ये बारीक तारेच्या जागी कुणीतरी जाडजूड तांब्याचा पीळ कोंबला होता. म्हणजे कुठं काही बिघडलं तर फ्यूज उडायचा नाही, घरच पेटायचं. आक्का लगेच, "आनि लाइट तर काय, राजवाडाच की वो!"

नेमके तेव्हाच बशीरभाई आले. गळ्यात टेप तशीच, डोक्यावर पोतं पांघरलेलं. त्यांच्या कानावर पडलं ते एवढंच, कोरडी भिंत आणि राजवाडा. माणसाचा चेहरा असा उजळलेला मी फार थोड्या वेळा बघितलाय.

"आक्का, पसंत?"

"बशीर, जरा भाईर ये की. तुझ्याशी बोलायचंय."

"भाईर पाऊस हाय आक्का. आता बोलायचं काय राहिलं? तुम्ही कोरडी म्हणालात, झालं की!"

काकी माझ्या शेजारून उठून साखरेची वाटी घेऊन गेल्याच होत्या. मी आक्काकडं बघतेय, आक्का माझ्याकडं. तिनं खोकून बघितलं. बशीरभाईंच्या सदऱ्याची बाही ओढली. नाना तर इतके खाकरले की तात्यांनी त्यांना पाणी आणून दिलं. ती बाई, जिचं तोंड कुणापुढं कधी बंद झालं नव्हतं, तिला त्या उंबऱ्याच्या आत 'नको' हा एक शब्द उच्चारता येईना. बशीरभाईंनी चिमूटभर साखर तोंडात टाकली. तात्यांनी त्यांचा हात हातात घेतला. शब्द झाला.

पानपट्टीपाशी आक्कानं सगळं सांगितलं. पान तिनं हातातच धरलं होतं, खाल्लं नाही. बशीरभाई पोतं डोक्यावर धरून ऐकत राहिले. मी म्हटलं, "तात्यांना सांगू या की, समजुतीत घोळ झाला म्हणून."

"न्हाय वहिनी," ते म्हणाले. "साखर खाल्ली. उद्या पेठेत म्हणतील, बशीर शिंप्याचा शब्द म्हंजे कच्चा टाका. आमच्यातबी म्हणतात, घरात उभं राहून मनहूस बोलू नये. आक्काचं काय चुकलं न्हाय. माझं नशीब." आणि डोक्यावरचं पोतं पुढं ओढत म्हणाले, "मेहरूला काय सांगू तेवढं सांगा."

आक्कानं पान गटारात टाकलं. "काय सांगू नगंस. भिंत कोरडी हाय म्हणून मी बोललोय न्हवं? मग आता कोरडी करतो." आमच्याकडं बायकासुद्धा 'बोललो, करतो'च म्हणतात. पण त्या दिवशी तिच्या तोंडून ते वस्तादानं म्हटल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी ती तात्यांच्या दारात. तात्या म्हणाले, "आत या की."

"आत आलो तर तारीफ करावी लागंल. चपला घाला आनि रस्त्यावर या."

तात्या आले. भर रस्त्यात, पावसात, छत्रीखाली आक्कानं त्यांना भिंतीचं, फडताळाचं, फ्यूजचं सगळं ऐकवलं. आता तिचा नेहमीचा आवाज. आजूबाजूच्या खिडक्या उघडल्या. तात्या खाली मान घालून म्हणाले, "मला ठावं हाय बाई. पर घर इकायला निघाल्यालं माणूस आपल्या तोंडानं कसं सांगंल?"

"पानी येतंय कुठनं?"

"पल्याडच्या अंगाला आधी मोरी हुती. वर फरशी टाकून बुजवली. शेजाऱ्याचं सांडपानी अजून तिकडंच येतंय. जातंय कुठं, ते देवाला ठावं."

"देवाला न्हाय, भिंतीला ठावं."

तात्या वाईट माणूस नव्हते. पाऊस सरला आणि मोरी उकरायला पहिली कुदळ त्यांनीच मारली. सांडपाण्याला बाहेरून नवी वाट काढून दिली, शेजाऱ्याशी भांडून आणि नंतर त्यालाच कामाला लावून. दसऱ्यानंतर तात्या-काकी शिरोलीला गेले, घर बशीरभाईंचं झालं. तरी आक्कानं त्यांना राहायला जाऊ दिलं नाही. तिनं मागच्या भिंतीचा सगळा गिलावा खरवडून काढला आणि दगडमाती उघडी ठेवली. हिवाळाभर तशीच. उन्हाळाभर तशीच. "तिला आधी श्वास घिऊ दे, मग मेहरू घेईल."

येणारेजाणारे टिंगल करायचे. "बशीरभाई, भिंत उघडी पडली की! तिला कापडं शिवा." बशीरभाई हसून म्हणायचे, "माप घेतलंय, आक्का कापड आणंना."

इकडं नानांनी आतली सगळी वायरिंग उतरवली. हात लावला की तिच्यावरचं रबर वाळल्या चिंचेच्या टरफलासारखं गळून पडत होतं. नव्या लाकडी पट्ट्या, नवी तार, नवे फ्यूज. शिडीवर आक्का, स्टुलावर नाना, आणि डावी कुणाची यावरून भांडण. परड्यात अर्थिंगचा खड्डा केला, त्यात पाइप पुरून कोळसा आणि मीठ भरायचं होतं. मीठ बरंच लागतं म्हणाले नाना. तर आक्का घरोघरी सूप घेऊन फिरली. प्रत्येकीनं वाटीभर खडेमीठ त्यात ओतलं. मीठ हातावर देऊ नये म्हणून सूप, आणि नव्या घरात आधी मीठ जातं म्हणून प्रत्येकीचा हातही सैल. मेहरूभाभी दारात बसून धापा टाकत हसत होती. "सबका नमक खाके बैठेगा ये घर," म्हणाली.

मृगाच्या तोंडावर चुन्याचा नवा गिलावा झाला, सुकला, आणि ती दोघं राहायला गेली, शिलाईचं मशीनही तिकडंच.

मग पाऊस लागला. आमच्याकडचा पाऊस तुम्हाला ठाऊक आहे, लागला की उठायचं नाव घेत नाही. आक्का एकाआड एक दिवस छत्री घेऊन शुक्रवार पेठेत, सोबत मी, कधी नाना. ती उलटा हात भिंतीवर फिरवायची. पहिले काही दिवस मेहरूभाभी तिच्या तोंडाकडं नुसती बघत असायची. आता तिलाही आक्काची भाषा कळत होती.

आषाढात एके दिवशी आक्का कोपऱ्यापाशी थांबली. हात तिथंच राहिला. मग हळूच म्हणाली, "कोपरा कसा चकचकीत दिसतोय न्हाय?"

मेहरूभाभीच्या हातातलं भांडं खाली गेलं. बशीरभाई मशीनवरून उठले. बोलणार काय? बोललं तर गोडच बोलायला हवं आणि गोड शब्द कुणाला सुचेना. कोपऱ्यात तळहाताएवढा काळसर डाग आला होता. मला तर त्या सगळ्या उन्हाळ्याचे कष्ट डोळ्यांपुढं दिसायला लागले. आक्का मटकन खाली बसली. तिला अशी बसलेली मी त्याआधी बघितली नव्हती. "मेहरू," एवढंच म्हणाली.

मेहरूभाभी तिच्यापाशी जाऊन बसली आणि तिच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "आक्का, कितना अच्छा घर है."

तेवढ्यात नाना. ते कधी बोलायचे नाहीत, त्या दिवशी बोलले. डागाकडं मान वाकडी करून बघत म्हणाले, "आक्का, ऊठ गं. डाग वरनं रुंद हाय आनि खाली निमुळता. पानी वरनं येतंय, खालनं न्हाय. कौल सरकलंय."

आक्का उठली ती शिडीच घेऊन आली. भर पावसात कासोटा खोचून छपरावर. खालून नाना, "डावीकडचं!" वरून आक्का, "कुणाच्या डावीकडचं?" आणि सगळी गल्ली खिडकीत. कौल सरकलं होतं, मांजराच्या कृपेनं. तिनं ते जागेवर बसवलं आणि खाली उतरली ती नखशिखांत भिजून, मांजराच्या सात पिढ्या उद्धरत. घराच्या बाहेर, अर्थात.

पुढच्या खेपेला गेलो तेव्हा डाग वाळून फिका पडला होता. आक्कानं कोपऱ्यावर उलटा हात ठेवला. मग सगळ्या भिंतीवरून, जमिनीपासून वरपर्यंत. मेहरूभाभी पदर तोंडात धरून उभी. आक्का वळली आणि म्हणाली, "भाजी काय केलीयास?"

भाभी हसली, रडली, काय केलं कोण जाणे. बशीरभाईंनी मात्र मशीनवर डोकं टेकलं आणि बराच वेळ वर केलं नाही. त्या पावसाळ्यात मेहरूभाभी आडवी झोपली. तिनं मला तोंडानं सांगितलं नाही. उशी उन्हात वाळत टाकलेली दिसली, ती एकच उशी होती. एरवी पाठीला टेकायला ती तीन-चार रचायची.

पुढं आमच्या ह्यांची बदली झाली आणि आम्ही कोल्हापूर सोडलं. परत गेले तोवर आक्का नव्हती. पण निघायच्या आधीची तिची एक भेट माझ्याकडं आहे.

माझं पोलकं बशीरभाईंकडं शिवायला होतं, ते आणायला गेले. दुपारची वेळ. दारातूनच मेहरूभाभीनं ओठांवर बोट ठेवलं. आत मागच्या भिंतीला पाठ लावून, पाय पसरून, आक्का झोपली होती. सकाळपासून कुणाचं तरी घर बघत फिरली असेल. तोंड जरा उघडं, मांडीवर रिकामी चंची. तिचा श्वास आणि शेजारी भाजी निवडत बसलेल्या मेहरूभाभीचा श्वास, दोन्ही सारखेच संथ.

बशीरभाईंनी मशीन बंद ठेवलं होतं. माझं पोलकं मांडीवर घेऊन ते हातानं हुका लावत बसले होते. मला बघून अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "वहिनी, मशीन चालवलं तर उठंल ती. उद्या न्याल का?"

उद्या सकाळी आमचं सामान निघणार होतं. मी मान हलवली, नेते म्हटलं, आणि चपला हातात घेऊन पायऱ्या उतरले.